होस्ट आणि मध्यवर्ती सर्व्हर : व्हर्च्युअल मशीनचा कारभार कोठून पाहावा?



दहावीच्या जादा तासांत या सत्रात 'व्हर्च्युअल मशीन' हा विषय शिकविला गेला. त्याच सुमारास विश्वस्त मंडळासमोर शाळेच्या तीन सर्व्हरांचा प्रश्न आला. या तिघांचा कारभार आज वेगवेगळा पाहिला जातो तसाच चालू ठेवावा, की तो एका मध्यवर्ती व्यवस्थेखाली आणावा? वर्गातला धडा आणि मंडळापुढचा प्रश्न एकच आहे, हे लक्षात आल्यावर दोघांसाठी मिळून हा लेख लिहिला आहे. ज्यांना तांत्रिक भाग जड वाटेल त्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद ओलांडून पुढे जावे. विश्वस्तांनी मात्र तसे करू नये अशी विनंती आहे, कारण खर्चाचा निर्णय नेमका त्याच भागावर अवलंबून आहे.

आभासी म्हणजे खोटे नव्हे

व्हर्च्युअल मशीनला पुस्तकी मराठीत आभासी यंत्र म्हणतात, आणि या शब्दाने मुलांना थोडे चकविले. आम्ही विज्ञान हिंदी माध्यमातून शिकलो. तेथेही आरशातल्या प्रतिबिंबाला 'आभासी'च म्हणत आणि त्याचे लक्षण असे सांगत की ते पडद्यावर घेता येत नाही. मुलांनाही वाटले की आभासी यंत्र म्हणजे दिसण्यापुरते यंत्र. तसे नाही. ते खरे काम करते. त्यात लिनक्स किंवा विंडोज बसवता येते, फीची पावती निघते, निकालपत्र छापले जाते. त्याला स्वतःचा पत्रा, पंखा आणि डिस्क नसते, एवढ्यापुरतेच ते आभासी. एका मोठ्या संगणकावर हायपरव्हायझर नावाची आज्ञावली बसवितात. ती प्रोसेसरचा वेळ, मेमरी आणि डिस्क यांचे वाटे करून प्रत्येक मशीनला आपापला वाटा देते, आणि प्रत्येक मशीन अशा समजुतीत असते की सगळा संगणक आपलाच आहे. बाहेरून पाहिले तर एक व्हर्च्युअल मशीन म्हणजे डिस्कवरच्या काही फाइली: एकीत त्याचे वर्णन (किती मेमरी, किती प्रोसेसर, कोणते नेटवर्क) आणि दुसरीत त्याची अख्खी डिस्क. ही गोष्ट पुढे फार कामाची आहे, म्हणून मुलांनी ती वहीत अधोरेखित करावी.

ज्या खऱ्या संगणकावर ही मशीन राहतात त्याला 'होस्ट' म्हणतात आणि त्याच्यावर राहणाऱ्याला 'गेस्ट', म्हणजे यजमान आणि पाहुणा. वर्गात 'यजमान' शब्द उच्चारताच मुली हसल्या, कारण मराठी घरात 'आमचे यजमान' म्हटले की अर्थ निराळा होतो. तेव्हा आपण होस्ट हाच शब्द ठेवू.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रात १९६०च्या दशकात ती मेनफ्रेम संगणकांवर वापरात आली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने जाहीर झाली. आपल्या घरच्या व कार्यालयातल्या संगणकांत असतात त्या जातीच्या प्रोसेसरवर हे करणे मात्र बराच काळ अवघड मानले जाई, कारण त्याच्या काही आज्ञा हायपरव्हायझरला पत्ता लागू न देता परस्पर चालत. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मेंडेल रोझेनब्लम, त्यांच्या पत्नी डायान ग्रीन आणि सहकारी यांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि अशा आज्ञा चालत्या कामात बदलून घेण्याची युक्ती वापरून १९९९ मध्ये पहिले उत्पादन आणले. सर्व्हरसाठीचा त्यांचा हायपरव्हायझर २००१ चा. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच सोय केली. आपल्या तिन्ही सर्व्हरांवर व्हीएमवेअरचाच ईएसएक्सआय हा हायपरव्हायझर असल्याने धड्यालाही तेच उदाहरण घेतो.

एकेका होस्टचे दार

एक होस्ट असेल तर कारभार सोपा आहे. ब्राउझरमध्ये होस्टचा पत्ता लिहावा, 'रूट' हे नाव आणि पासवर्ड द्यावा. समोर त्या होस्टवरच्या सर्व मशीनची यादी येते. नवे मशीन तयार करा, चालू करा, बंद करा, मेमरी वाढवा, सारे काही तेथून होते. वेगळा सर्व्हर नको, वेगळा खर्च नको. एकाच होस्टसाठी याहून अधिक काही मागणे म्हणजे एका खोलीच्या घराला चौकीदार ठेवण्यासारखे आहे.

अडचण दुसऱ्या होस्टपासून सुरू होते. प्रत्येक होस्टला फक्त आपलेच घर माहीत असते. त्याची वापरकर्त्यांची यादी वेगळी, पासवर्ड वेगळा, नोंदी वेगळ्या. शेजारच्या होस्टवर काय चालले आहे याची त्याला कल्पना नसते, आणि आपण एकाच्या दारातून आत गेलो की आपल्यालाही ती नसते.

हे पुस्तकातले वाक्य आपल्या शाळेत गेल्या मार्चमध्ये प्रत्यक्ष घडले. कार्यालयातल्या सर्व्हरचा पंखा बदलायचा होता. निकालाचे मशीन दोन दिवस बंद राहू नये म्हणून संगणकाच्या सरांनी त्याची नक्कल प्रयोगशाळेतल्या होस्टवर नेऊन चालू केली. ते योग्यच होते. दुरुस्तीनंतर कार्यालयातल्या बाबूंनी सर्व्हरचे बटण दाबले. तेही योग्यच. पण त्या होस्टला पूर्वीच सांगून ठेवलेले होते की तू सुरू झालास की निकालाचे मशीन आपोआप चालू कर. झाले, एकाच नावाची आणि एकाच आयपी पत्त्याची दोन मशीन शाळेच्या नेटवर्कवर उभी राहिली. शिक्षकांचे काही संगणक एकाशी बोलत होते, काही दुसऱ्याशी. चार दिवस नववीचे गुण दोन ठिकाणी भरले जात होते. कार्यालयातला होस्ट उघडला तर तेथे सर्व ठीक, प्रयोगशाळेतला उघडला तर तेथेही सर्व ठीक. पाचव्या दिवशी एका बाईंना आपण भरलेले गणिताचे गुण दिसेनात, तेव्हा उलगडा झाला. कागदी गुणपत्रके जपलेली होती म्हणून दोन्हीकडचे आकडे ताडून पाहता आले. त्यात तीन शिक्षिकांचे दोन दिवस गेले. एका मुलीचे विज्ञानाचे गुण दोन्हीकडे वेगवेगळे निघाले, ते अखेर उत्तरपत्रिका काढून पाहावे लागले.

मध्यवर्ती व्यवस्था असती तर हे घडलेच नसते असा दावा आम्ही करणार नाही. पण दोन्ही मशीन एकाच यादीत, एकाखाली एक, त्याच आयपी पत्त्यासह दिसली असती आणि पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी डोळ्यांत खुपली असती.

केंद्र काय करते आणि काय करीत नाही

व्हीएमवेअरने २००३ मध्ये 'व्हर्च्युअल सेंटर' नावाचा मध्यवर्ती सर्व्हर काढला. पुढे त्याचेच नाव व्ही-सेंटर झाले. यात सगळे होस्ट नोंदवून ठेवतात आणि माणूस एकाच ठिकाणी आपल्या नावाने प्रवेश करतो.

येथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. अनेकांना, काही पालकांनाही, असे वाटते की व्ही-सेंटर हा मशीन 'चालवितो', म्हणून तो बंद पडला तर सर्व बंद पडेल. तसे नाही. इंदूरकरांना रेल्वेचे उदाहरण चटकन पटेल. आपल्या भागातल्या गाड्यांवर रतलाम मंडळाच्या कंट्रोल ऑफिसचे लक्ष असते. कोणती गाडी कोठे आहे, कोणाला आधी सोडायचे, कोणाला लूप लाइनला उभे करायचे, हे कंट्रोलर ठरवितो, कारण सगळा मार्ग त्यालाच दिसतो. पण गाडी प्रत्यक्षात सोडतो स्टेशन मास्तर. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर घेतो तोच. कंट्रोलचा फोन बंद पडला म्हणून रुळावरची गाडी थांबत नाही. दोन स्टेशनांचा आपसातला व्यवहार चालूच राहतो. मात्र कोणाला आधी सोडावे याचा शहाणा निर्णय घेणारा कोणी उरत नाही आणि गाड्यांना उशीर होऊ लागतो. होस्ट हा स्टेशन मास्तर, व्ही-सेंटर हा कंट्रोलर.

आतली रचनाही अशीच आहे. प्रत्येक ईएसएक्सआय होस्टवर 'होस्ट-डी' नावाची एक सेवा सतत चालू असते. मशीन चालू-बंद करणारा खरा हात तिचा. आपण थेट होस्टच्या दाराने गेलो तर आपली आज्ञा सरळ होस्ट-डीकडे जाते. व्ही-सेंटरमध्ये होस्ट नोंदविला की त्या होस्टवर 'व्हीपीएक्स-ए' नावाचा एक मुनीम येऊन बसतो. व्ही-सेंटर आज्ञा त्या मुनीमाला देतो आणि मुनीम ती होस्ट-डीला सांगतो. म्हणजे दारे दोन, खोली एकच. या कामासाठी व्ही-सेंटर प्रत्येक होस्टवर 'व्हीपीएक्स-यूजर' नावाचे खाते उघडतो आणि त्याचा पासवर्ड स्वतःच ठराविक मुदतीने, मूळ मांडणीत दर ३० दिवसांनी, बदलतो. तो माणसाने वापरायचा नाही.

याचा एक परिणाम विश्वस्तांनी ध्यानात घ्यावा. तीन होस्टांवर सर्वजण 'रूट' म्हणून जात असतील तर मशीन कोणी बंद केले याचे उत्तर नोंदीत फक्त 'रूट' असे मिळते. व्ही-सेंटरमध्ये प्रत्येकाचे नाव वेगळे आणि अधिकारही वेगळे देता येतात. ग्रंथपालांनी ग्रंथालयाचे मशीन पाहावे, फीच्या मशीनला त्यांचा हात लागू नये, असे सांगता येते. आणि काय कोणी केव्हा केले ते नावानिशी उरते. आमच्या मते नुसत्या सोयीपेक्षा ही गोष्ट शाळेला अधिक मोलाची आहे.

दोन दारे असली की एक शिस्त ओघाने येते. केंद्र असताना पाठीमागच्या दाराने जाऊन बदल करू नयेत. थेट होस्टवर गेल्यास ईएसएक्सआय स्वतःच सूचना दाखवितो की या होस्टचा कारभार व्ही-सेंटर पाहत आहे. बरेचसे बदल व्ही-सेंटरला लगेच कळतात, पण ज्या गोष्टी फक्त त्याच्याच वहीत आहेत (कोणाला काय अधिकार, कोणती दोन मशीन एका होस्टवर ठेवायची नाहीत, कोणाला मेमरीचा किती वाटा) त्यांना हे मागच्या दाराचे पाहुणे जुमानत नाहीत. ज्यांना अधिक कडक व्यवस्था हवी ते 'लॉकडाऊन मोड' लावून मागचे दार बंद करतात. ते लावण्याआधी एक गोष्ट पक्की करावी की केंद्र बिघडल्यावर आत जायला कोणा एका विश्वासू माणसासाठी वाट ठेवली आहे.

हलविणे वेगळे, पुन्हा उठविणे वेगळे

वार्षिक चाचणीत बहुसंख्य मुलांनी येथे घोटाळा केला, म्हणून येथे थोडे थांबू.

व्ही-सेंटर असेल तर चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर, बंद न करता, हलविता येते. याला व्ही-मोशन म्हणतात. युक्ती अशी: मशीनच्या मेमरीतली पाने दुसऱ्या होस्टवर उतरविण्यास सुरुवात करायची. उतरविता उतरविता मशीन काम करीतच असते, त्यामुळे काही पाने पुन्हा बदलतात. मग फक्त बदललेली पाने परत पाठवायची. प्रत्येक फेरीत शिल्लक कमी होत जाते. अगदी थोडी उरली की मशीन क्षणभर थांबवायचे, उरलेली पाने न्यायची आणि दुसरीकडे सुरू करायचे. वापरणाऱ्याला ते जाणवत नाही. पंखा बदलण्याच्या दिवशी ही सोय असती तर निकालाचे मशीन हलले असते आणि मागे नक्कल उरली नसती.

पण होस्ट अचानक जळाला तर? तेव्हा व्ही-मोशन काही करू शकत नाही. मेलेल्या होस्टची मेमरी कोण वाचणार? तेथे 'हाय अव्हेलेबिलिटी', एचए, ही दुसरी सोय कामी येते. उरलेले होस्ट त्या मशीनच्या फाइली उघडून ते नव्याने चालू करतात. मशीन जणू वीज जाऊन आल्यासारखे पहिल्यापासून उठते. मधली काही मिनिटे सेवा बंद असते आणि डिस्कवर न लिहिलेले सर्व जाते. त्यासाठी दोन गोष्टी आधीच हव्यात. मशीनच्या फाइली अशा सामाईक स्टोरेजवर हव्यात की जे सर्व होस्टांना दिसते, आणि उरलेल्या होस्टांत पुरेशी मेमरी मोकळी हवी. जळालेल्या होस्टच्या आतल्या डिस्कमध्ये फाइली अडकल्या तर जगातले कोणतेही केंद्र त्या बाहेर काढू शकत नाही.

एचएची मांडणी व्ही-सेंटरमधून करतात, पण संकटकाळी ते व्ही-सेंटरवर अवलंबून नसते. २०११ च्या पाचव्या आवृत्तीपासून होस्ट आपसातच एक प्रमुख निवडतात आणि एकमेकांच्या नाडीवर बोट ठेवून असतात. केंद्र बंद असले तरी ते पडलेल्या होस्टची मशीन उठवितात. केंद्र बंद असताना बंद पडते ते एवढे: मशीन हलविणे, भाराची आपोआप वाटणी, साच्यांवरून नवी मशीन काढणे, नावानिशी अधिकार. चालू मशीन चालूच राहतात.

केंद्राची किंमत

आधी मेमरीची किंमत. व्ही-सेंटर हे स्वतःही एक व्हर्च्युअल मशीनच असते. २०२० च्या सातव्या आवृत्तीपासून ते तयार लिनक्स मशीन म्हणूनच मिळते, विंडोजवर बसत नाही. आठव्या आवृत्तीत त्याचा सर्वांत लहान आकार, १० होस्ट व १०० मशीनपर्यंतचा, २ प्रोसेसर आणि १४ जीबी मेमरी मागतो. आपल्या प्रत्येक होस्टमध्ये ६४ जीबी आहे. म्हणजे एका होस्टच्या पाचव्या हिश्शाहून अधिक जागा केवळ देखरेखीवर जाईल.

त्यातून एक गंमतीचा पेच निघतो. व्ही-सेंटर ज्या होस्टांचा कारभार पाहतो त्यांच्यापैकीच एकावर तो बहुधा राहत असतो. वीज जाऊन सर्व होस्ट पुन्हा उठले आणि व्ही-सेंटर उठला नाही, तर तो कोणत्या होस्टवर आहे हे सांगणारी यादी त्याच्याच पोटात! मग एकेका होस्टच्या दाराशी जाऊन शोधावे लागते. म्हणून तो कोठे राहतो हे कागदावर लिहून भिंतीला लावावे आणि तिन्ही होस्टांचे पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत.

मग पैशाची किंमत. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमचे परवाने विकणे बंद करून मुदतीच्या वर्गणीची पद्धत आणली. विनामूल्य ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा देण्यात आला. आपले तिन्ही होस्ट विनामूल्य आवृत्तीवर आहेत, आणि ती आवृत्ती व्ही-सेंटरला जोडता येत नाही. म्हणजे 'एक व्ही-सेंटर तेवढे आणू' असे होणार नाही. तिन्ही होस्टांची वर्गणी दरवर्षी भरावी लागेल.

तिसरी किंमत धोक्याची. सर्व किल्ल्या एका जुडग्यात असल्या की चोराचे काम सोपे होते. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी व्हीएमवेअरने एकाच सूचनापत्रात दोन मोठ्या त्रुटी जाहीर केल्या व त्यांची दुरुस्ती दिली. त्यांतली एक व्ही-सेंटरमध्ये होती, दुसरी ईएसएक्सआय होस्टच्या एका सेवेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ईएसएक्सआय-आर्ग्ज' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दुरुस्ती न केलेल्या होस्टांवर हल्ला करून मशीनच्या फाइली कुलूपबंद केल्या, आणि तेव्हा संशयाचे बोट या दुसऱ्या त्रुटीकडे होते. दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीच उपलब्ध होती. म्हणजे केंद्र नसले म्हणून कोणी सुरक्षित राहिला असे नाही. उलट, कोणत्या होस्टची दुरुस्ती राहिली आहे हे केंद्रातून एका दृष्टिक्षेपात दिसते. व्यवस्था कोणतीही असो, तिचे दार इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

केंद्राविना एकी

दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे. लिनक्समध्येच २००७ मध्ये केव्हीएम नावाचा हायपरव्हायझर आला, आणि त्यावर व्हिएन्नाच्या एका कंपनीने २००८ मध्ये प्रॉक्समॉक्स ही व्यवस्था उभी केली. ती मुक्त स्वरूपाची आहे. विनामूल्य उतरवून घेता येते, कंपनीची मदत हवी असल्यास वर्गणी. तिच्यात वेगळा मध्यवर्ती सर्व्हर नसतो. होस्ट एकमेकांना जोडून घेतात, मांडणीची वही प्रत्येकाकडे असते आणि कोणत्याही एकाच्या दाराने गेले तरी सर्वांची यादी दिसते.

मात्र येथे बहुमताचा नियम आहे. तीन होस्ट असतील तर दोघांचे एकमत लागते. एखादा एकटा पडला तर त्याची वही फक्त वाचण्यापुरती उरते आणि तो नवे मशीन चालू करू शकत नाही. एचए लावलेले असेल तर एकटा पडलेला होस्ट स्वतःलाच बंद करून पुन्हा सुरू होतो. मुलांना हे क्रूर वाटले. पण त्याचे कारण आपल्या निकालाच्या मशीनमध्येच आहे. नेटवर्कची तार तुटली तर उरलेल्या दोघांना कळत नाही की तिसरा मेला आहे की नुसता अबोल झाला आहे. त्यांनी त्याचे मशीन उठविले आणि तोही ते चालवीत राहिला तर एकाची दोन होतील. म्हणून अबोल झालेल्याने आधी आपले हात खाली ठेवायचे.

हे बहुमत घेण्यासाठी होस्टांमधला निरोप फार वेगाने पोचावा लागतो, ५ मिलिसेकंदांच्या आत. कार्यालय व प्रयोगशाळा एका इमारतीत आहेत, तेथे अडचण नाही. कन्या शाळेचा होस्ट इंटरनेटच्या तारेने जोडलेला आहे. त्याला यात ओढणे आम्हांला योग्य वाटत नाही.

तेव्हा मंडळापुढे आमचे मत असे आहे. व्ही-सेंटरची वर्गणी आपल्या तीन होस्टांच्या मानाने जड आहे. मुख्य इमारतीतले दोन होस्ट प्रॉक्समॉक्सवर आणून जोडावेत आणि तिसऱ्या मतासाठी एखादा जुना डेस्कटॉप ठेवावा. या व्यवस्थेत तशी सोय आहे, त्या डेस्कटॉपला मशीन चालवायचे नसते, फक्त मत द्यायचे असते. सामाईक स्टोरेज घेणे तूर्त परवडणार नाही. त्याऐवजी झेडएफएस डिस्कव्यवस्थेवर एका होस्टवरच्या डिस्कची प्रत दुसऱ्यावर ठराविक वेळाने, मूळ मांडणीत दर १५ मिनिटांनी, पाठविता येते. याचा अर्थ होस्ट जळाला तर शेवटच्या पाव तासात भरलेले गुण जाऊ शकतात. शिक्षकांना हे आधी सांगून, गुण भरून झाल्यावर कागदी पत्रक तपासल्याशिवाय फाडायचे नाही असा नियम करावा लागेल. कन्या शाळेचा होस्ट स्वतंत्रच राहू द्यावा, पण त्यावरील मशीनची यादी दर महिन्याला कार्यालयात यावी. आणि होस्टांच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर बॅकअप ठेवणे या सर्वांहून आधीचे काम आहे, कारण चुकून पुसलेले गुण नव्या प्रतीतही पुसलेलेच उतरतात.

स्वाध्याय

१. प्रयोगशाळेतल्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक लिनक्स मशीन तयार करा. ते बंद करून त्याच्या फाइली शोधा. कोणत्या फाइलीत वर्णन आहे आणि कोणत्या फाइलीत डिस्क, ते आकारावरून ओळखा.

२. त्या मशीनची नक्कल करून दोघांना एकच आयपी पत्ता द्या आणि दोन्ही चालू करा. तिसऱ्या मशीनवरून तो पत्ता वापरा. काय होते ते दहा मिनिटे पाहून लिहा. (शाळेच्या नेटवर्कवर नव्हे, व्हर्च्युअलबॉक्सच्या आतल्या नेटवर्कवर!)

३. चार होस्टांत बहुमताला किती मते लागतील? मग तिघांऐवजी चार होस्ट घेतल्याने, किती होस्ट पडले तरी काम चालेल, या संख्येत फरक पडतो का? उत्तर पालकांना समजेल अशा भाषेत लिहा.

४. व्ही-सेंटर बंद असताना पुढीलपैकी काय चालू राहील: फीची पावती, चालू मशीन हलविणे, जळालेल्या होस्टवरचे मशीन दुसरीकडे उठणे? प्रत्येकाचे कारण द्या.